जुन्या स्पोर्ट्‌स कारमधला पेट्रोलचा काटा

गाडीतला पेट्रोलचा काटा लिटर मोजत नाही. तो पेट्रोलची उंची मोजतो, आणि तीही आडवळणाने. घरावरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसा एक फ्लोट पेट्रोलवर तरंगत असतो. पातळी खाली गेली की त्याची दांडी फिरते, दांडीच्या टोकाचा संपर्क एका बारीक रोधक तारेवर सरकतो आणि विजेच्या वाटेतला रोध बदलतो. वीज चावीपासून फ्यूजमधून डॅशबोर्डवरच्या मीटरकडे येते, तिथून लांब वायरीने मागे टाकीपर्यंत जाते, फ्लोटच्या रोधातून उतरते आणि गाडीच्या धातूतून बॅटरीकडे परतते. काटा खोटा दाखवू लागला की बहुतेक वेळा नवा फ्लोट किंवा नवा मीटर मागवला जातो. खरा दोष पुष्कळदा या दोन्हींत नसतो. तो त्यांच्यामधल्या जोडांत असतो.

केळापूर तालुक्यातून जाणाऱ्या गाडीला काट्याची चूक महाग पडू शकते. तालुक्याचे मुख्य गाव पांढरकवडा नागपूर–हैदराबाद महामार्गावर आहे. पूर्वी ७ क्रमांकाचा असलेला हा राष्ट्रीय महामार्ग आता ४४ क्रमांकाने ओळखला जातो. नागपूर इथून सुमारे दीडशे किलोमीटर. दक्षिणेला पाटणबोरी, पिंपळखुटी आणि मग पैनगंगेपलीकडे तेलंगणा. महामार्ग सोडून टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला वळले की पुढचा पंप किती दूर आहे हा प्रश्न खरोखरीचा होतो. जुनी स्पोर्ट्‌स कार या भागात रोज दिसणारी वस्तू नाही. त्यामुळे ती बंद पडलीच, तर तिचे काम ट्रॅक्टर, जीप आणि ट्रकवर हात बसलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाते. त्यात काळजीचे कारण नाही, कारण तत्त्व सगळीकडे एकच आहे.

स्पोर्ट्‌स कारमध्ये ही अडचण जास्त जाणवते ती टाकीच्या आकारामुळे. गाडी बुटकी, म्हणून टाकीही चपटी आणि पसरट. नव्वद सेंटिमीटर लांब आणि पन्नास सेंटिमीटर रुंद टाकी धरली, तर उंचीतल्या एका सेंटिमीटरला साडेचार लिटर पेट्रोल मावते. फ्लोटची दांडी पाच मिलिमीटरने वाकली की सव्वादोन लिटरचा हिशेब चुकतो. शिवाय चढावर आणि वळणावर अशा टाकीतले पेट्रोल एका बाजूला धावते. म्हणून निदान करताना गाडी सपाट जागेवर उभी असावी, आणि वळणावर हलणारा काटा लगेच बिघडलेला समजू नये.

तपासणीची सुरुवात पाना हातात घेऊन नव्हे, काट्याची सवय ओळखून करावी. काटा कायम शून्यावर किंवा कायम पूर्ण भरल्याच्या खुणेवर अडकला असेल, तर वायर तुटलेली किंवा कुठेतरी टेकलेली असण्याची शक्यता मोठी. एका ठराविक जागी तो अचानक पडत असेल आणि पुढे पुन्हा नीट चालत असेल, तर रोधक तार त्या जागी झिजलेली असते. खड्ड्यात गाडी आदळल्यावर काटा उडत असेल, तर सैल जोड शोधावा. भरलेली टाकी बरोबर दिसते पण खालच्या भागात चूक वाढत जाते, तेव्हा दांडी वाकलेली किंवा बदललेला फ्लोट त्या टाकीच्या मापाचा नसलेला असू शकतो. पेट्रोलबरोबर इंजिनच्या तापमानाचा काटाही वर चढलेला दिसला, तर टाकीकडे जाण्याचे कारणच नाही.

या शेवटच्या लक्षणाचे मूळ एका छोट्या डबीत असते. १९६० च्या दशकातल्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत मीटरला बॅटरीची पूर्ण वीज जात नाही. वाटेत व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. त्यातली द्विधातूची पट्टी तापून वाकते, संपर्क तोडते, निवते आणि पुन्हा जोडते. या उघडझापीतून मीटरला सरासरी दहा व्होल्ट मिळतात. मीटरही त्याच तत्त्वाचा असतो: आतली पट्टी तापते आणि काट्याला ढकलते. म्हणून चावी फिरवल्यावर असा काटा सावकाश चढतो. तो आळस नव्हे, टाकीत पेट्रोल हिंदकळले तरी काटा स्थिर राहावा यासाठी केलेली ती सोय आहे. स्टॅबिलायझरचे संपर्क चिकटले किंवा त्याची अर्थिंग सुटली की पूर्ण बारा-तेरा व्होल्ट पुढे जातात आणि दोन्ही मीटर फुगवून दाखवतात. साध्या मल्टीमीटरवर चांगला जुना स्टॅबिलायझर शून्य आणि बारा यांमध्ये उड्या मारताना दिसतो. ते पाहून तो फेकून देण्याची घाई अनेकांनी केली आहे.

स्टॅबिलायझर ठीक असेल, तर पुढची चाचणी वायरीची. चावी बंद ठेवून टाकीवरच्या सेंडरची, म्हणजे फ्लोट, दांडी आणि रोधक तार असलेल्या भागाची, वायर काढायची, ती कुठेही टेकणार नाही अशी ठेवायची आणि मग चावी फिरवायची. काटा एका टोकाला गेला पाहिजे. पुन्हा चावी बंद करून तीच वायर थोड्या रोधातून चॅसिसला जोडायची आणि चावी फिरवायची. आता काटा दुसऱ्या टोकाकडे सरकला पाहिजे. दोन्ही वेळा तसे झाले, तर मीटर आणि वायर निर्दोष ठरतात, बिघाड टाकीच्या बाजूला राहतो. जोडणी नेहमी चावी बंद असतानाच करायची, कारण ठिणगी पडेल त्या ठिकाणापासून पेट्रोल हाताच्या अंतरावर असते. थेट चॅसिसला वायर टेकवून बराच वेळ ठेवू नये. द्विधातूच्या मीटरची आतली गुंडाळी त्याने जळू शकते.

कोणत्या वेळी काटा कोणत्या टोकाला जाईल, हे गाडीच्या घराण्यावर ठरते. ब्रिटिश आणि अमेरिकी पद्धतीत रिकाम्या टाकीला साधारण २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३० ओहमच्या आसपास रोध असतो. युरोपातल्या व्हीडीओ (VDO) कंपनीच्या पद्धतीत उलटे, म्हणजे रिकामीला सुमारे १० आणि भरलेलीला १८०. जुन्या बाजारातून मिळेल तो सेंडर बसवण्याची पद्धत इथेच फसते. भोके जुळतात, दांडीही वाकवून बसते, पण टाकी रिकामी होत जाते तसा काटा वर चढतो. सेंडर विकत घेण्यापूर्वी दुकानाच्या गल्ल्यावरच दांडी वरखाली करून ओहम मोजणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

आता अर्थिंग. टाकीवर गंज, रंगाचा जाड थर किंवा काळ्या मातीचा सुकलेला चिखल असला की वीज परतण्याच्या वाटेत जादा रोध येतो. पन्नास ओहमचा गंज ब्रिटिश पद्धतीच्या गाडीत पेट्रोल कमी दाखवतो, म्हणजे चालक सावध तरी राहतो. व्हीडीओ पद्धतीत तोच गंज पेट्रोल जास्त दाखवतो, आणि असा काटा माणसाला रस्त्यात उभा करतो. सेंडरच्या पत्र्यापासून बॅटरीच्या अर्थिंगला जोडलेल्या टोकापर्यंत रोध मोजावा. तो ओहमच्या अंशाइतकाच असायला हवा. फायबरग्लास बॉडीच्या गाड्यांत ही बाब आणखी नाजूक. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडी अशीच फायबरग्लासची होती. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, त्यामुळे अशा गाडीत प्रत्येक उपकरणाला परतीची स्वतंत्र वायर लागते आणि ती सुटली की शेजारच्या पत्र्याचा आधार मिळत नाही. शंका असेल तेव्हा सेंडरपासून चॅसिसपर्यंत एक जादा वायर तात्पुरती लावून पाहावी. काटा सुधारला, तर निदान संपले आणि दुरुस्तीही जवळजवळ झालीच.

यातून काही निघाले नाही, तरच सेंडर टाकीबाहेर काढायचा. हे काम मोकळ्या हवेत करावे, बॅटरी सोडून आणि टाकी बरीच रिकामी करून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले तरी एका ठिणगीने पेटते. खड्ड्यात उतरून लोंबत्या बल्बच्या उजेडात टाकी उघडणे हा प्रकार विसरावा. बाहेर काढलेल्या सेंडरची दांडी सावकाश फिरवताना मल्टीमीटरवरचा आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच तो नाहीसा झाला, तर तिथे तार तुटली आहे. नुसता थरथरला, तर मळ बसला आहे आणि संपर्क-स्वच्छकाने तो निघतो. मग फ्लोट कानाशी धरून हलवावा. पितळी फ्लोटच्या डाखातून पेट्रोल आत शिरले असेल, तर ते खळखळते. असा फ्लोट बुडतो आणि टाकी भरलेली असली तरी काटा रिकामी सांगतो. त्याला डाख देण्याचा मोह टाळून नवा बसवावा, कारण आत पेट्रोलची वाफ असलेल्या बंद डबीला आच लावणे धोक्याचे आहे.

फार जुन्या गाड्यांत लाखेचा लेप दिलेले बुचाच्या लाकडाचे फ्लोट असत. लाख इथेनॉलमध्ये विरघळते. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले, आणि असे फ्लोट त्यात टिकत नाहीत. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेते, त्यामुळे टाकीतला गंजही वाढतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असल्याने गाडी त्याच पेट्रोलात थोडे कमी अंतर कापते, आणि त्याचा आळ काट्यावर येतो. उन्हाचेही तसेच. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणून काटा चुकतो असे सांगितले जाते. पेट्रोल एका अंशाला जेमतेम एक हजारांश फुगते. चाळीस लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले तरी वाढ पाऊण लिटरच्या आसपास. पाव टाकीची चूक उन्हाच्या माथी मारता येत नाही.

सगळे भाग चांगले असूनही काटा थोडा सरकलेला राहिला, तर तो जुळवून घ्यावा लागतो. टाकी रिकामी करून पंपावरच्या मापाने पाच-पाच लिटर भरायचे आणि प्रत्येक वेळी काटा कुठे थांबतो ते कागदावर लिहायचे. रिकाम्या टोकाची चूक दांडी किंचित वाकवून जाते. काही जुन्या मीटरांच्या पाठीवर बुचाने झाकलेली दोन छिद्रे असतात, त्यातून दोन्ही टोके वेगवेगळी सरकवता येतात. मधला भाग मात्र टाकीचा आकार ठरवतो. तळाशी निमुळती टाकी असेल, तर काटा अर्ध्यावर आला तेव्हा निम्म्याहून कमी पेट्रोल उरलेले असते, आणि कोणताही मीटर ते बदलू शकत नाही. त्यासाठी तो लिहिलेला कागदच गाडीत ठेवायचा. रिकामे टोक जुळवताना काटा शून्यावर आल्यावरही चार-पाच लिटर उरतील असे ठेवणे बरे, कारण पेट्रोल ओढणाऱ्या नळीचे तोंड तळापासून थोडे वर असते आणि त्याखालचा गाळमिश्रित भाग गाडीच्या उपयोगाचा नसतो.