थेट सामना आणि थबकणारे चित्र

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारतीय महिला क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून विश्वचषक प्रथमच जिंकला. अखेरचा झेल कर्णधार हरमनप्रीत कौर हिने घेतला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. प्रस्तुत लेखकाच्या घरी तीन पिढ्या पडद्यासमोर बसल्या होत्या; परंतु तो झेल आमच्यापैकी कोणालाच पाहावयास मिळाला नाही. चेंडू हवेत उडाला, चित्र जागच्या जागी थिजले, पडद्याच्या मध्यभागी एक वर्तुळ गरगरू लागले आणि शेजारच्या घरातून उठलेल्या जल्लोषावरून आम्हांस विजयाची वार्ता समजली.

त्याच्या आदल्याच महिन्यात दरमहा अधिक पैसे भरून आम्ही इंटरनेट जोडणीचा वेग दुप्पट करून घेतला होता. तरीही हा प्रकार घडला, कारण मुळात दोष वेगाचा नव्हताच. असा अनुभव अनेक कुटुंबांचा असतो. आणि ज्या कारणाने घरचा सामना थबकतो, त्याच कारणाने शाळेतील दूरस्थ पाठ, ग्रामपंचायतीतील दूरदृश्य बैठक किंवा डॉक्टरांचा दूरस्थ सल्लाही मध्येच तुटतो. यास्तव चित्र का थबकते आणि दोष कोठे शोधावा, हे प्रत्येकाने समजून घेणे इष्ट आहे.

प्रक्षेपण आणि प्रवाह

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी आसमंतात सर्वत्र पसरत; त्या दहा घरांनी ग्रहण केल्या काय किंवा दहा लाख घरांनी केल्या काय, प्रक्षेपकावरील भार तेवढाच राही. उपग्रहावरून छत्रीद्वारे मिळणारे आजचे प्रक्षेपणही याच जातीचे आहे. प्रेक्षक वाढले म्हणून ते मंदावत नाही.

इंटरनेटवरील थेट दर्शन, म्हणजे स्ट्रीमिंग, यांची रीत निराळी आहे. तेथे प्रत्येक प्रेक्षकाला चित्राची स्वतंत्र प्रत पोहोचवावी लागते. एक प्रकार पावसासारखा आहे, तर दुसरा नळाच्या पाण्यासारखा. पाऊस साऱ्या गावावर सारखाच पडतो. नळाला मात्र शेजाऱ्याने तोटी सोडली की आपली धार बारीक होते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे झालेला पुरुषांचा विश्वचषक अंतिम सामना डिस्ने प्लस हॉटस्टार या तत्कालीन सेवेवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक पाहत होते. एवढ्या प्रती एकाच ठिकाणाहून धाडणे अशक्य असल्याने मोठमोठ्या शहरांत वितरण केंद्रे उभारलेली असतात. आपल्या घरी येणारे चित्र बहुधा जवळच्या अशाच एखाद्या केंद्रातून निघालेले असते.

साठा इतका लहान का?

हे चित्र अखंड धारेने येत नाही. त्याचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे पाडले जातात. आपला दूरचित्रवाणी संच किंवा भ्रमणध्वनी ते क्रमाने मागवितो, काही तुकडे पदरी ठेवतो आणि मग दाखवितो. या शिलकीला ‘बफर’ म्हणतात. गच्चीवरील टाकीप्रमाणे तिचा उपयोग असतो. नळ क्षणभर बंद पडला तरी टाकीतील पाणी पुरते. टाकी रिकामी झाली की तोटी कोरडी पडते. पडद्यावरील गरगरणारे वर्तुळ म्हणजे ही कोरडी तोटी होय.

चित्रपट पाहताना ही टाकी मोठी भरून ठेवता येते, कारण संपूर्ण चित्रपट आधीच तयार असतो. थेट सामन्याचे तसे नाही. जो चेंडू अद्याप टाकलाच गेला नाही, त्याचे चित्र साठविणार कसे? परिणामी थेट दर्शनात शिल्लक अवघ्या काही सेकंदांची असते. तेवढीसुद्धा ठेवता यावी म्हणून इंटरनेटवरील चित्र प्रत्यक्ष खेळाच्या बहुधा वीस-तीस सेकंद मागे चालते. शेजारचा जल्लोष आपल्याआधी ऐकू येतो तो याचमुळे. म्हणूनच ज्या जोडणीवर चित्रपट निर्वेध दिसतो, तिच्यावरच सामना अडखळू शकतो. थेट दर्शनाला मोठ्या वेगापेक्षा स्थिर वेगाची गरज अधिक असते.

किती वेग पुरतो?

साधारण स्पष्टतेच्या चित्राला सेकंदास दीड ते तीन मेगाबिट, पूर्ण स्पष्टतेच्या चित्राला पाच ते आठ मेगाबिट आणि ‘फोर-के’ या अतिस्पष्ट चित्राला पंधरा ते पंचवीस मेगाबिट वेग लागतो. वेग कमी झाला तर संच स्वतःच कमी स्पष्टतेचे तुकडे मागवू लागतो. चित्र अधूनमधून धूसर होते ते या कारणाने. तो बिघाड नसून चित्र तुटू नये म्हणून केलेली तडजोड असते.

यावरून दिसून येईल की, एका पडद्यासाठी सेकंदास ३० किंवा ४० मेगाबिटची जोडणीही पुरेशी आहे. मात्र तो वेग पडद्यापर्यंत अखंड पोहोचला पाहिजे. मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत होऊ देऊ नये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. सेकंदास पाच मेगाबिट वेगाने तासाभरात सुमारे सव्वादोन गिगाबाइट डेटा खर्ची पडतो. भ्रमणध्वनीच्या योजनेत दिवसाकाठी दोन गिगाबाइट मिळत असतील तर पूर्ण स्पष्टतेने पाहताना तासाच्या आतच ते संपतात. त्यानंतर बहुतेक योजनांत वेग अत्यंत कमी होतो. डाव ऐन रंगात असताना चित्र बंद पडण्यामागे कित्येकदा एवढेच कारण असते.

दोष नेमका कोठे?

चित्राच्या प्रवासाचे चार टप्पे मानता येतील : प्रसारण करणारी सेवा, घरापर्यंत येणारी तार, घरातील बिनतारी जोडणी म्हणजे वाय-फाय, आणि स्वतः संच. औषध घेण्यापूर्वी रोग ओळखावा, त्याप्रमाणे खर्च करण्यापूर्वी दोषाचा टप्पा शोधावा. त्याच्या कसोट्या सोप्या आहेत.

दुसऱ्या कंपनीची जोडणी असलेल्या शेजाऱ्याकडेही चित्र त्याच वेळी थबकत असेल, तर दोष बहुधा प्रसारण सेवेकडे आहे. अशा वेळी घरातील यंत्रे उलटसुलट करण्यात अर्थ नाही. घरातील सर्वच उपकरणे अडत असतील, अगदी राउटरला तारेने जोडलेला संगणकही, तर दोष बाहेरच्या तारेत किंवा राउटरमध्ये आहे. राउटरजवळ नेलेला भ्रमणध्वनी नीट चालतो आणि बैठकीतील संच मात्र अडतो, तर दोष वाय-फायचा आहे. आवाज व्यवस्थित येत असून चित्र मात्र धक्के खात असेल, किंवा एकच संच अडत असेल, तर त्या संचाचे वय, त्यात उरलेली जागा किंवा त्यातील जुने ॲप यांकडे पाहावे.

वेगमापनाची मोफत साधने उपलब्ध आहेत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ‘ट्राय’चे, ‘मायस्पीड’ हे ॲपही आहे. मापन सकाळी न करता सामन्याच्याच वेळी करावे. कारण संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत एकाच तारेवरचे बहुतेक ग्राहक इंटरनेट वापरीत असतात. एकदा राउटरजवळ आणि एकदा संचाजवळ, असे तीन-तीन वेळा मापावे. राउटरजवळ ९० आणि संचाजवळ ६ असे आकडे आले, किंवा संचाजवळचा आकडा दर वेळी ४० वरून ३ वर हेलकावे घेऊ लागला, तर अधिक वेगाची योजना घेऊन काहीही साधणार नाही. आमच्या घरी नेमके हेच आढळले. नीटनेटके दिसावे म्हणून राउटर लोखंडी कपाटात ठेवला होता!

घरच्या घरी करावयाचे उपाय

सर्वप्रथम राउटर, तसेच प्रकाशतंतूची जोडणी असल्यास तिची पेटी, यांची वीज अर्धा मिनिट बंद करून पुन्हा सुरू करावी. पेटीवरील ‘एलओएस’ अक्षरांचा दिवा लाल लागला असेल तर तारेतून प्रकाश येत नाही असे समजावे. तेथे घरगुती उपाय चालत नाही, कंपनीलाच कळवावे लागते. प्रकाशतंतूची बारीक तार फर्निचरमागे दाबली जाऊ देऊ नये व तिला तीव्र वळण देऊ नये, कारण अशा वळणावर प्रकाश बाहेर सांडतो.

राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळ्या जागी ठेवावा. लोखंडी कपाट, पत्रा, पाण्याची टाकी, आरसा आणि जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती लहरींना अडवितात. बहुतेक नव्या राउटरमधून दोन प्रकारच्या लहरी निघतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे दूरवर जातात. परंतु त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह शेगडी यांचीही गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक वेगवान असतात, पण भिंती फारशा ओलांडीत नाहीत. संच राउटरच्याच खोलीत असेल तर दुसरा प्रकार निवडावा.

सर्वांत खात्रीचा उपाय मात्र राउटरपासून संचापर्यंत तार टाकणे हाच होय. संगणक जोडण्याची साधी लॅन केबल शंभर मीटरपर्यंत उत्तम काम देते, आणि घरापुरत्या तारेचा खर्च मोठ्या योजनेच्या वार्षिक वाढीव रकमेहून सहसा कमी येतो.

सामन्याच्या वेळी घरातील इतर मागण्याही तपासाव्यात. भ्रमणध्वनीतील छायाचित्रांची आपोआप होणारी साठवण, संगणकातील अद्ययावतीकरण आणि इंटरनेटवर चित्रण धाडणारा सुरक्षा कॅमेरा ही मंडळी आपल्या नकळत पाणी ओढीत असतात. एवढे करूनही चित्र अडले तर स्पष्टतेची निवड ‘ऑटो’वर न ठेवता एक पायरी खाली आणून स्थिर करावी. काही सेवांत थेट चित्र थांबवून पुढे चालू करता येते. अर्धा मिनिट थांबल्यास टाकीत तेवढी शिल्लक वाढते. अर्थात शेजारचा जल्लोष मग आणखी आधी ऐकू येईल, ही त्याची किंमत होय.

शाळा, ग्रामपंचायत आणि सामुदायिक जोडणी

ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेस केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु तार कार्यालयाच्या दारापर्यंत येणे आणि शेवटच्या खोलीतील पडद्यावर चित्र स्थिर दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कालव्याला पाणी सुटले तरी शेवटच्या शेतापर्यंत ते पोहोचेलच असे नाही, हे आपल्या शेतकऱ्यांस सांगावयास नको. चाऱ्या दुरुस्त नसतील तर धरण मोठे करून उपयोग होत नाही.

सार्वजनिक निधीतून अधिक वेगाची योजना घेण्यापूर्वी पदाधिकारी व मुख्याध्यापक यांनी एक आठवडा साधी नोंदवही ठेवावी. दिनांक, वेळ, कोणती खोली, तारेने की वाय-फायने, आणि मोजलेला वेग एवढे रकाने पुरेत. बाहेरच्या तारेचा दोष त्यातून सिद्ध झाला तर हीच नोंदवही तक्रारीला बळ देते. तक्रार तोंडी करून थांबू नये. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून क्रमांक घ्यावा आणि निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. ट्रायच्या २०१२ च्या विनियमांनी ही द्विस्तरीय व्यवस्था घालून दिली आहे. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे. जानेवारी २०२३ पासून ‘ब्रॉडबँड’ म्हणविणाऱ्या जोडणीचा किमान वेग सेकंदास २ मेगाबिट ठरविण्यात आला आहे, हेही ध्यानी असावे. वीज जाण्याचा त्रास असलेल्या गावी राउटर व पेटीसाठी लहानशी बॅटरी बसविणे हिताचे.

महत्त्वाच्या सामन्याच्या दिवशी गावाने एक हिशेब करून पाहावा. एकाच जोडणीवर तीस जणांनी आपापल्या भ्रमणध्वनीवर, कमी स्पष्टतेने का होईना, सामना पाहिला तर सेकंदास सुमारे ४५ मेगाबिट लागतात. तेच तीस जण समाजमंदिरातील एका मोठ्या पडद्यासमोर बसले तर पाच ते आठ मेगाबिट पुरतात आणि चित्रही अधिक स्पष्ट मिळते. शिवाय, राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरविलेल्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीस उपलब्ध करून देण्याचे बंधन २००७ च्या कायद्याने घातले आहे. असे सामने दूरदर्शनच्या मोफत छत्रीवर दिसत असतील तर इंटरनेटची गरजच उरत नाही.

आमच्या घरी राउटर कपाटातून बाहेर आला, संचापर्यंत वीस मीटर तार टाकली आणि योजना पुन्हा पूर्वीच्याच वेगावर आणली. त्यानंतरचे सामने विनाव्यत्यय पाहता आले. निसटलेला झेल आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला खरा. परंतु निकाल ठाऊक असताना पाहिलेल्या झेलात आदल्या रात्रीची उत्कंठा कोठून येणार? तेव्हा पुढील मोठ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळीच, मोठ्या योजनेचा अर्ज भरण्याआधी, वाचकांनी आपला राउटर नेमका कोठे ठेवला आहे हे एकदा अवश्य पाहावे.