गारगोटीपासून विजेपर्यंत

शेताच्या बांधावर किंवा ओढ्याच्या पात्रात पांढरी गारगोटी कोणी पाहिली नाही? दोन गारगोट्या एकमेकींवर आपटून ठिणगी पाडण्याचा खेळ मुलांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. या साध्या दगडात सिलिकॉन हे मूलद्रव्य दडलेले असते. छपरावरील सौरपॅनेल आणि यंत्रांतील चिप या दोहोंचे मूळ तेच होय.

दिल्लीहून यमुना ओलांडून पूर्वेस गेले की गाझियाबाद जिल्ह्यातील साहिबाबाद लागते. राष्ट्रीय प्रयोगशाळांतील संशोधन कारखान्यात उतरावे, या हेतूने १९७४ साली येथे सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट १९५४ साली जगापुढे आणला होता. भारतातील पहिला सौरघट १९७७ साली साहिबाबादेस तयार झाला आणि पुढल्याच वर्षी पहिले पॅनेलही.

परंतु दगडापासून घटापर्यंतची वाट सोपी नाही. गारगोटी कोळशासह विजेच्या भट्टीत तापविली की तिच्यातील ऑक्सिजन निघून जातो. उरलेला सिलिकॉन शेकडा ९८-९९ टक्के शुद्ध असला, तरी या कामास तो चालत नाही. म्हणून त्याचे सुमारे ३२ अंशांवर उकळणारे एक द्रव संयुग करतात, ते ऊर्ध्वपातनाने निर्मळ करतात आणि त्यातून तप्त सळ्यांवर शुद्ध सिलिकॉन जमवितात. चिपसाठी तर अब्ज अणूंत एखादाच परका अणू चालतो! हा सिलिकॉन १४१४ अंशांवर वितळवून त्याचा स्फटिक ओढतात आणि त्याच्या पाव मिलिमीटरहूनही पातळ चकत्या कापतात. अशा चकतीपासून झालेला एक घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब देतो. म्हणून पॅनेलमध्ये अनेक घट जोडावे लागतात.

खरी अडचण आहे ती येथेच. घट व पॅनेल करण्याची विद्या आपण आत्मसात केली. शुद्ध सिलिकॉनसाठी मात्र देश मुख्यतः परदेशांवरच विसंबून राहिला. या शुद्धीकरणास वीज अतोनात लागते, आणि ती स्वस्त व अखंड मिळाली तरच माल परवडतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार, पॅनेलनिर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात एकट्या चीनचा वाटा शेकडा ८० हून अधिक होता. जानेवारी २०२५ मध्ये भारताची सौरवीजक्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली, हे ध्यानी घेतले म्हणजे या परावलंबनाचे गांभीर्य कळते.

साहिबाबादच्या कंपनीचेही दिवस सारखे गेले नाहीत. २०२१ साली ती खाजगी हाती विकण्याचे ठरले. कर्मचारी संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि २०२२ साली ती विक्री रद्द झाली. पुढे २०२५ साली तिला ‘मिनीरत्न’ हा दर्जा मिळाला.

पुढल्या खेपेस मुलांच्या हाती गारगोटी दिसली, तर त्यांना ही हकीकत अवश्य सांगावी. दगड आपल्या बांधावरच आहे. तो शुद्ध करण्याची कला मोठ्या प्रमाणावर आपल्या घरी आणण्याचे काम कदाचित त्यांच्याच पिढीकडे येईल.