अंग आंबणे आणि अतिदाबाखालील प्राणवायू

सवय नसताना गड चढून उतरलेल्या मनुष्याचे पाय त्या सायंकाळी फारसे कुरकुरत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र जिना उतरणेही दुष्कर होते. या अवस्थेस मराठीत ‘अंग आंबणे’ म्हणतात. श्रमाने स्नायूंत साचलेले दुग्धाम्लच दुखते, हा समज मराठी भाषकास आपल्या शब्दप्रयोगानेच सिद्ध झालेला वाटावा, हे स्वाभाविक होय. परंतु रूपक म्हणजे पुरावा नव्हे. दुग्धाम्ल व्यायामानंतर तास-दोन तासांत ओसरते, तर वेदना शिगेस पोहोचते ती २४ ते ७२ तासांनी. शिवाय दमछाक चढताना अधिक होत असली, तरी पाय आंबतात ते मुख्यतः उतरण्याने. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच भार तोलीत असतो व त्या ओढाताणीत त्याचे सूक्ष्म तंतू विस्कटतात. थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच वेदनेचे मूळ स्नायूच्या आतील फाटण्यात शोधले होते.

या इजेवर अतिदाबाखालील प्राणवायूचा उपचार सुचविला जातो. बंद कोठीत वातावरणाच्या दोन-अडीच पट दाबाखाली शुद्ध प्राणवायूचे श्वसन करावयाचे. रक्तातील तांबडे रंगद्रव्य एरव्हीही प्राणवायूने जवळजवळ भरलेलेच असते. वाढतो तो रक्तद्रवात विरघळलेला अंश. नेहमीच्या हवेत १०० मिलिलिटर रक्तामागे सुमारे ०.३ मिलिलिटर असणारा हा अंश तीन वातावरणांच्या दाबाखाली सहाच्या आसपास जातो. पाणबुड्यांच्या दाबविकारावर हा उपचार मान्यता पावला आहे. तथापि तेथील यशावरून आंबलेला स्नायूही प्राणवायूस आचवलेला असतो, असे अनुमान निघत नाही.

अंग आंबले तरी ते आठवड्याभरात आपोआप बरे होते. त्यामुळे कोणताही उपचार गुणकारी भासतो, आणि तुलनेसाठी उपचार न घेणारा गट अपरिहार्य ठरतो. मायकेल बेनेट व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेत असे नऊ लहान प्रयोग, एकूण २१९ व्यक्ती, एकत्र तपासले. त्यांत मुरगळलेला घोटा व गुडघ्याचा दुखावलेला अस्थिबंध यांवरील प्रयोगही होते. अंग आंबण्याच्या प्रयोगांत, ज्यांना आरंभापासून प्राणवायू दिला, त्यांची वेदना ४८ व ७२ तासांनी उलट अधिक आढळली. सूज वा स्नायूची शक्ती यांत लाभ दिसला नाही. खेळाडूस कोठीचा खर्च सोसावा लागतो तो वेगळाच. दाबाने कानाच्या पडद्यास इजा होण्याचा धोकाही त्यालाच पत्करावा लागतो.