छंद नवऱ्याचा, दागिने कुणाचे?

महापे-ऐरोलीत नोकरी करणारी आपली मुले सुट्टीला लॅमिंग्टन रोडवरून सेन्सर, मोटारी, सर्किट बोर्ड घेऊन येतात. कुणी कुंडीला आपोआप पाणी घालणारे यंत्र जुळवतो, कुणी अजानच्या वेळी लागणारा दिवा. बायको विचारते, ‘किती गेले?’ आणि घरात अबोला.

अशा छंदाला आम्ही सरसकट उधळपट्टी म्हणणार नाही. दादासाहेब फाळके विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला गेले. परतल्यावर त्यांनी टिपले काय, तर वाटाण्याचे रोप कसे वाढते ते! लोकांना वेडच वाटले असेल. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’साठी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, सगळ्यांचा स्वयंपाकही त्यांनीच केला. त्या कामात भागीदार होत्या.

शरीअतनुसार घरखर्च नवऱ्याची जबाबदारी. मेहर, दागिने, कमाई बायकोची. तिच्या मर्जीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. सूरह फुरकान उधळपट्टीइतकीच कंजुषीही नाकारते. म्हणून भाडे, फी, किराणा भागल्यावर उरलेल्यातून, तिला आधी सांगून खुशाल बोर्ड आणावा. आणि तिने स्वतःच्या पगारातून ड्रोन घेतला तर? तो पैसा तिचाच. आपल्या कित्येक घरांत हे पचत नाही, ती गोष्ट वेगळी.