बहाराचा पैसा आणि महिन्याचा पगार

आमच्या चांदूर बाजार तालुक्यातल्या कुठल्याही गावच्या सप्ताहाची छापील पत्रिका एकदा नीट वाचून पाहा. वर कीर्तनकारांची नावं, मग काकड्यापासून हरिपाठापर्यंतचा रोजचा कार्यक्रम आणि खाली दिवसवार अन्नदात्यांची यादी. सोमवारची पंगत कोणाची, काल्याच्या महाप्रसादाचा मान कोणाचा, मंडप कोणी दिला, लाउडस्पीकर कोणाचा, सगळं असतं. पखवाज वाजवणाऱ्याला आठ दिवसांचं काय मिळालं आणि ते कोणी दिलं, हे मात्र मी आजवर एकाही पत्रिकेत वाचलेलं नाही. मुंबईतला मोठा सिम्फनी वाद्यवृंद कोणाच्या पैशावर उभा राहतो, ते समजून घेताना ही पत्रिका सारखी माझ्या डोळ्यांपुढे येत राहिली.

आधी शब्दाचा घोळ

आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे यात्रेतली हिंदी गाण्यांची रात्र. सिम्फनी वाद्यवृंद वेगळा. व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बास यांचा मोठा ताफा पुढे. त्यांच्यामागे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. मग हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन. आणि मागे टिम्पनी नावाचे नगारे. साधारण ७० ते १०० वादक समोरच्या कागदावरची स्वरलिपी वाचत, एका संचालकाच्या हाताकडे बघत वाजवतात. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट तर आपल्या ओळखीचे आहेत, लग्नाच्या बँडमध्ये आपण ते लहानपणापासून ऐकतो. फरक असा की, लगीनसराई संपली की बँडवाला दुसऱ्या कामाला लागतो. सिम्फनीतल्या वादकाला वर्षभर रोज रियाझ लागतो, आणि रियाझाच्या दिवसांत तिकीट विकलं जात नाही.

तिकिटात का भागत नाही

बीथोवनची पाचवी सिम्फनी १८०८ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तिला तेव्हा जेवढी माणसं लागली, जवळपास तेवढीच आजही लागतात, आणि वेळही तोच, अर्ध्या तासाच्या आसपास. या दोनशे वर्षांत कापसाचं काय झालं ते वऱ्हाडाला कोणी सांगायला नको. हातरेच्यावर सरकी काढणाऱ्या माणसाच्या कित्येक पट रुई जिनिंगमधला एक मजूर आज काढतो. त्याची मजुरी वाढली तरी यंत्रामुळे ती परवडते. वादकाला मात्र कोणतंही यंत्र वेगवान करू शकत नाही. त्याचा किराणा, घरभाडं, मुलांची फी बाकी जगाबरोबर महाग होते, म्हणून मानधन वाढवावंच लागतं. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात हे गणित मांडलं. रंगमंचीय कलांची तूट हा व्यवस्थापनाचा गलथानपणा असतोच असं नाही, ती त्या कामाच्या जातीतच आहे, हे त्यांचं म्हणणं आजही टिकून आहे.

बहिरमच्या यात्रेत एकेकाळी तमाशाचे फड तिकिटावर चालत. तोच संच, तोच वग, रोज रात्री नवे प्रेक्षक. सिम्फनीचा संच आठवडाभर तालीम करून एखाद-दोन रात्री वाजवतो आणि पुढच्या आठवड्यात सगळा कार्यक्रम बदलतो. अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या वाद्यवृंदांचा निम्मा खर्चही तिकिटांतून निघत नाही. जर्मनीत ती तूट मुख्यतः सरकारी तिजोरी भरते, अमेरिकेत देणगीदार भरतात. भारतात सरकारचा असा नेमाचा हात नाही, त्यामुळे आपली वाट अमेरिकेसारखी आहे.

मुंबईत हे कसं घडलं

मुंबईतला पहिला मोठा प्रयत्न मेहली मेहता यांचा. जगप्रसिद्ध संचालक झुबिन मेहता यांचे हे वडील. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात पारशी होते, गोव्याचे ख्रिस्ती वादक होते, युरोपातून आलेले वादकही होते. पुढे मेहली परदेशी गेले आणि तो वाद्यवृंद टिकला नाही. एका माणसाच्या जिद्दीवर उभं राहिलेलं काम तो माणूस दूर गेल्यावर डगमगतं, हे आपण गावोगावच्या नाट्यमंडळांत पाहिलंच आहे.

यातल्या गोमंतकीय वादकांविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण मला या सगळ्या कथेत तेच सर्वांत मोलाचं वाटतं. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळेत संगीताचा मास्तर असे. तो गावच्या पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवी. त्याची सोय लावून देणारी चर्चची व्यवस्था होती. त्या पोरांतून पुढे मुंबईच्या हॉटेलांचे बँड, सिम्फनीचे वादक आणि हिंदी चित्रपटसंगीताचे ताफे भरले. अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना त्यांनी शिकवलं, आणि १९५८ मध्ये भारतीय राग सिम्फनीच्या ताफ्यावर वाजवण्याचा स्वतःचा प्रयोगही मुंबईत केला. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात प्यारेलालजींनी गुरूचं नाव अमर केलं. या साऱ्याच्या मुळाशी खेड्यातल्या एका मास्तराचं नेमानं मिळणारं मानधन होतं.

आजचा वाद्यवृंद म्हणजे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. नरिमन पॉइंटच्या ‘एनसीपीए’ या कलासंस्थेचे खुशरू संतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी तो २००६ मध्ये सुरू केला. फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास त्याचे मोसम होतात. झाकीर हुसेन यांची तबला आणि वाद्यवृंदासाठीची ‘पेशकार’ ही रचना याच वाद्यवृंदाने २०१५ मध्ये प्रथम सादर केली. २०१९ मध्ये तो ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये खुद्द झुबिन मेहतांनी त्याचं संचालन केलं. मात्र त्यात कायम मुंबईत राहणारे भारतीय वादक थोडे आहेत. मोसमात बरेच वादक परदेशातून, विशेषतः कझाकस्तानातून येतात. म्हणून २०१२ मध्ये संस्थेने मुलांसाठी संगीत अकादमी काढली. सात-आठ वर्षांचं पोर व्हायोलिन धरतं तेव्हापासून ते वाद्यवृंदाच्या खुर्चीत बसेपर्यंत पंधरा वर्षं सहज जातात. एवढी वर्षं कोणाला तरी शिक्षकाचा पगार देत राहावं लागतं.

‘मेहरांगीर’ची देणगी

‘एनसीपीए’ १९६९ मध्ये सुरू झाली ती जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने. जमशेद हे अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचे धाकटे भाऊ. जमशेद यांच्या नावाचं अकराशेच्या वर आसनांचं नाट्यगृह पूर्ण होत आलं असताना १९९७ मध्ये आगीत जळालं. ते पुन्हा उभारून १९९९ मध्ये खुलं झालं. २००७ मध्ये जमशेद गेले. मलबार हिलवरचं ‘मेहरांगीर’ हे भाभा कुटुंबाचं घर त्यांनी संस्थेला ठेवलं होतं. संस्थेने २०१४ मध्ये त्याचा लिलाव केला आणि ३७२ कोटी रुपये आले. होमी भाभांचं घर स्मारक म्हणून राखावं, अशी मागणी अणुऊर्जा क्षेत्रातल्या लोकांनी लावून धरली होती. पुढे ते घर पाडलं गेलं. मला त्या घराची हळहळ वाटते. तरीही एका माणसाने राहतं घर कलेच्या झोळीत टाकलं, याहून मोठी देणगी आपल्या राज्यात संगीत-नाटकाच्या संस्थेला क्वचितच मिळाली असेल.

एका रात्रीचा जलसा

निधीसाठी जलसा करणं आपल्याला नवं नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन ‘संयुक्त मानापमान’ केलं ते टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नट एका रंगमंचावर, म्हणून लोक तुटून पडले. वाद्यवृंदांचे निधिसंकलनाचे कार्यक्रम याच तत्त्वावर चालतात. एरवी दिसणार नाही असं काहीतरी त्या रात्री दाखवायचं: मोठा पाहुणा एकलवादक, तालमीला बसण्याची मुभा, वादकांसोबत जेवण, एखाद्या वस्तूचा लिलाव. सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीचा ‘ब्लॅक अँड व्हाइट बॉल’ हा नृत्यसोहळा १९५६ पासून अशाच कारणासाठी भरू लागला.

हिशेब मात्र कठोर असतो. समजा, तुमच्या कार्यक्रमात ५ लाख जमले. मंडप, ध्वनी, जेवणावळ, पाहुण्यांचं जाणं-येणं, छपाई यांत ३ लाख गेले, तर हाती २ लाख उरले. तेवढ्यासाठी वीस कार्यकर्त्यांचे दोन महिने गेले ते वेगळंच. म्हणून जाणते व्यवस्थापक जलशाकडे पैशाची खाण म्हणून बघत नाहीत. ओळख करून घ्यायची ती रात्र. त्या रात्री आलेल्यांपैकी दहा जण दरवर्षी ठरावीक रक्कम देऊ लागले, तर तो जलसा फळला.

भिंती आणि माणसं

माझा मुख्य मुद्दा हा आहे. आपण भिंतीला चटकन देतो. देऊळ, सभागृह, कमान, फरशी यांवर नाव कोरता येतं. माणसाच्या पगारावर नाव कोरता येत नाही.

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजेरजवाड्यांच्या आश्रयावर न विसंबता लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या जलशांवर चालवलेली ती संगीतशाळा. १९०८ मध्ये ते मुंबईला आले. पुढे कर्ज काढून मोठी इमारत बांधली. जलशांतून येणारा पैसा ते कर्ज फेडायला पुरेना, आणि १९२० च्या दशकात इमारतीचा लिलाव झाला. भिंती गेल्या. राहिले ते त्यांनी पदरमोड करून वाढवलेले शिष्य: ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. याच शिष्यपरिवाराने १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं आणि त्याच्या परीक्षा आजही आपल्या जिल्ह्यातली मुलं देतात.

अमेरिकेत मिनेसोटाचा वाद्यवृंद २०१२ च्या ऑक्टोबरपासून सोळा महिने बंद पडला. पगारात मोठी कपात घ्या, नाहीतर दार बंद, अशी विश्वस्तांची भूमिका होती. त्याच काळात सभागृहाच्या नूतनीकरणावर सुमारे ५ कोटी डॉलर खर्च होत होते. सभागृह चकचकीत झालं आणि त्यात वाजवणारे बाहेर होते. ते दुसरीकडे स्वतःचे कार्यक्रम करत राहिले, गावकऱ्यांनी त्यांची बाजू घेतली, तेव्हा २०१४ च्या जानेवारीत तोडगा निघाला.

याउलट हेन्री ली हिगिन्सन. या बँकरने १८८१ मध्ये बॉस्टन सिम्फनी सुरू केली ती वादकांच्या पगाराची हमी स्वतः घेऊन. जवळजवळ चाळीस वर्षं दर मोसमाची तूट त्याने खिशातून भरली आणि स्वस्त तिकिटं मुद्दाम राखून ठेवली. १९१८ मध्ये त्याने कारभार विश्वस्तांकडे दिला. तो वाद्यवृंद आजही वाजतो आहे.

कायम निधी म्हणजे काय

संत्र्याच्या बागाईतदाराला हे लगेच कळेल. आंबिया असो की मृग, बहार विकला की पैसा एकदम येतो आणि मग महिनोन्‌महिने हात कोरडा. देणग्यांचंही तसंच. वादकाला मात्र पगार दर महिन्याला लागतो. ही दोन टोकं जोडतो तो कायम निधी. मुद्दल गुंतवायचं, हात लावायचा नाही, व्याजातून पगार द्यायचा. परदेशात यातूनच ‘खुर्ची’ची प्रथा निघाली. देणगीदार एका खुर्चीएवढं मुद्दल देतो, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्या वादकाच्या नावाखाली देणगीदाराचं नाव छापलं जातं. माणसाच्या पगारावरही नाव कोरता येतं, ते असं.

पावतीचा भाग

थोडक्यात सांगतो. नेमाने देणगी घ्यायची तर संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेली हवी. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवापुरती वर्गणी गोळा करायची तरी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी लागते. देणगीदाराची करसवलत आपण ८०जी या नावाने ओळखतो. तिच्यासाठी संस्थेची आयकर खात्याकडे वेगळी मान्यता हवी, दोन हजारांवरची रक्कम रोखीत चालत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला ती सवलत मिळत नाही. कंपन्यांना मात्र २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला देणं बंधनकारक आहे, आणि त्या यादीत कला व संस्कृती येते. ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांतलं काही एक असलेली कंपनी त्यात मोडते.

आपल्याकडे कुठून सुरुवात

चांदूर बाजारात सिम्फनी उभी राहणार नाही आणि तसा माझा हट्टही नाही. पण हा गाडगेबाबांचा जिल्हा आहे. त्यांनी कीर्तनातून लोकांना देतं केलं, धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःच्या अंगावर गोधडीच ठेवली. हा तुकडोजी महाराजांचाही जिल्हा आहे. त्यांची खंजिरी गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत आजही वाजते. जवळच्या माधानचे गुलाबराव महाराज अंध होते, आणि त्यांच्यासारख्या अंध मुलाला संगीत हा आजही हक्काचा रस्ता होऊ शकतो. देण्याची सवय इथे आहे. तिला फक्त शिकवणाऱ्या माणसाकडे वळवायचं आहे.

दहा गावांच्या भजनी मंडळांनी मिळून एक पखवाज-तबल्याचा आणि एक पेटीचा शिक्षक ठेवावा. दोघांनी आठवड्यातून एकेक दिवस गाव वाटून घ्यावं. मानधन दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात जमा व्हावं आणि सप्ताहातल्या एका पंगतीइतकी रक्कम दरवर्षी मुद्दलात टाकावी. सुरुवात मात्र पत्रिकेपासून करता येईल. येत्या सप्ताहाच्या पत्रिकेत अन्नदात्यांच्या यादीखाली एक ओळ वाढवायची: पखवाजवादकाचं नाव, आणि त्यापुढे त्याचं वर्षाचं मानधन देणाऱ्याचं नाव. आमच्या गल्लीतल्या मंडळाला मी ती ओळ छापायला सांगितली आहे, आणि यंदाचं नाव माझं आहे.