कपावरचे कॅथेड्रल

परदेशातून परतणारी मंडळी आठवण म्हणून पुष्कळदा कॉफीचा मोठा कप आणतात. पॅरिसमध्ये मिळणाऱ्या अशा काही कपांवर तिथल्या नोत्र दाम कॅथेड्रलचे तपकिरी छटेतले जुने छायाचित्र छापलेले असते. या चित्राला आपण दोन प्रश्न विचारू. ते कपावर बसले कसे? आणि ते कोणत्या काळातले, हे चित्रच सांगू शकेल का?

पहिला प्रश्न रसायनशास्त्राचा आहे. कपाचे चकचकीत आवरण ही एक प्रकारची काच असते आणि काचेत शाई मुरत नाही. म्हणून कपावर आधी पॉलिएस्टरसारख्या बहुवारिकाचा पातळ लेप देतात. चित्र विशिष्ट रंगांनी कागदावर उलटे, म्हणजे आरशात दिसावे तसे छापतात. तो कागद कपाभोवती घट्ट गुंडाळून सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवतात. तेव्हा रंग द्रवरूप न होता थेट वायुरूप होतात. उघडा ठेवलेला कापूर उडून जातो, तीच ही क्रिया, म्हणजे संप्लवन. तापलेल्या लेपातील रेणूंच्या लांब साखळ्या सैल झालेल्या असतात. रंगाचे रेणू त्यांच्यात शिरतात आणि लेप निवला की तिथेच अडकून पडतात.

दुसरी पद्धत भट्टीची. तिच्यात धातूंच्या संयुगांचे रंग वापरतात. उदाहरणार्थ, कोबाल्टच्या संयुगांपासून निळा रंग मिळतो. भट्टीच्या उष्णतेने हे रंग काचेच्या आवरणाशी एकजीव होतात. संप्लवनाचे चित्र तारेच्या घासणीने खरवडले जाते, उन्हात फिकेही पडते. भट्टीतले चित्र सहसा जास्त टिकते.

सपाट कागदावरचे चित्र गोल कपावर गेले तरी कॅथेड्रलचे मनोरे वाकडे दिसत नाहीत, कारण दंडगोलाचा पृष्ठभाग न ताणता सपाट उलगडता येतो. हाच कागद चेंडूवर गुंडाळला तर सुरकुत्या पडतात. विद्यार्थ्यांना हा प्रयोग जरूर करायला सांगावा.

आता दुसरा प्रश्न. कपावरच्या तपकिरी रंगावरून काळ ठरवता येत नाही. भिंगातून पाहिले तर तो बहुधा किरमिजी, पिवळ्या, निळसर आणि काळ्या ठिपक्यांचा बनलेला दिसेल. मूळ छायाचित्रातली चांदी या कपात कुठेच नाही. तेव्हा पुरावा शोधायचा तो चित्रातल्या वस्तूंत.

आकाश कोरे, पांढरे आहे का? सुरुवातीच्या छायाचित्रण काचा मुख्यतः निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या. त्यामुळे निळे आकाश आणि पांढरे ढग सारखेच उमटत. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी रंगद्रव्ये मिसळून ही संवेदनशीलता हिरव्या प्रकाशापर्यंत वाढवण्याचा मार्ग दाखवला. रस्ता निर्मनुष्य आहे का? डागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्याच एका रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा प्रकाश घेण्यास इतका वेळ लागला की चालती माणसे उमटलीच नाहीत. बूट पुसून घेणारा एकजण मात्र स्थिर उभा होता म्हणून दिसला. नदी कोणत्या बाजूला आहे? कॅथेड्रलच्या पश्चिम दर्शनी भागासमोर उभे राहिल्यास सीन नदीचे जवळचे पात्र उजवीकडे असते. ते डावीकडे दिसले, तर मूळ चित्र डागेर पद्धतीचे असू शकते, कारण त्या चित्रांत डावे-उजवे उलटत असे. अर्थात कप छापताना झालेली चूकही हेच दाखवील!

सर्वांत बोलका पुरावा छपराच्या मधल्या निमुळत्या शिखराचा. तेराव्या शतकातले जुने शिखर मोडकळीस आल्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवले गेले. व्हियोले-ल-द्यूक यांच्या आराखड्याचे नवे शिखर १८५९ मध्ये पूर्ण झाले. म्हणून नदीकडून, बाजूने घेतलेल्या जुन्या चित्रात शिखर नसेल, तर ते १८५९ पूर्वीचे मानता येते. मात्र अगदी समोरून, जवळून घेतलेल्या चित्रात शिखर दर्शनी भागाआड जाऊ शकते. एखादी गोष्ट न दिसणे हा पुरावा केव्हा ठरतो? ती असती तर नक्की दिसली असती, अशी खात्री असेल तेव्हाच.

१५ एप्रिल २०१९ च्या आगीत तेच शिखर कोसळले आणि छप्परही जळाले. शिखरावरचे १६ तांब्याचे पुतळे दुरुस्तीसाठी चारच दिवस आधी उतरवले होते, म्हणून वाचले. जुनी रेखाटने, छायाचित्रे आणि आगीपूर्वी लेसरने घेतलेली मोजमापे हाताशी असल्याने शिखर पूर्वीसारखेच उभारता आले. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा खुले झाले.

आपल्या गावातल्या जुन्या वाड्याचे, पुलाचे किंवा देवळाचे छायाचित्र घेऊन हीच प्रश्नावली वर्गात वापरता येईल. एक सवय मात्र आवर्जून लावावी: आज काढलेल्या चित्रामागे तारीख, जागा आणि दिशा लिहून ठेवायची. वास्तू उद्या असेलच असे नाही. नोंद असली, तर ती पुन्हा उभारण्याची निदान शक्यता उरते.