आजोबांचा वाल्व्ह रेडिओ घरी दुरुस्त करताना: प्लग लावण्याआधी हे वाचा

गेल्या दिवाळीत सोलापूरच्या घरी माळा साफ करताना आजोबांचा मर्फी रेडिओ सापडला. लाकडी कॅबिनेट, काचेची डायल, मागे पोस्टातून काढलेलं लायसन्सचं पुस्तक. हो, त्या काळी रेडिओ ऐकायला लायसन्स लागायचं आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरायला लागायचे. मर्फीचा कारखाना आपल्या ठाण्यात होता, आणि तोंडावर बोट ठेवलेलं ते बाळ अनेकांना आजही आठवतं.

मी सॉफ्टवेअरवाला. उत्साहाच्या भरात प्लग लावला. अर्धा मिनिट शांतता, मग मोठा 'घूंऽऽ' आवाज आणि मग जळका वास. बाबांनी धावत येऊन प्लग ओढला. आजी एवढंच म्हणाली, "अरे, पंचवीस वर्षं झोपला होता तो. असा दणकन उठवतात का?"

आजीचं वाक्य तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर होतं. जुना रेडिओ बंद असताना सहसा मरत नाही, तो घाईने सुरू करताना मरतो. कसा, ते बघू.

आत नक्की काय असतं?

आमच्या सेटमध्ये पाच वाल्व्ह आहेत. एरियलमधून आलेला सिग्नल या क्रमाने पुढे जातो:

१. ईसीएच८१: हव्या त्या स्टेशनची फ्रिक्वेन्सी बदलून एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो. बहुतेक सेटमध्ये ही ४५० ते ४७० किलोहर्ट्झच्या दरम्यान असते, तिला आयएफ म्हणतात.
२. ईएफ८९: हा आयएफ सिग्नल मोठा करतो.
३. ईबीसी८१: सिग्नलमधून आवाज वेगळा काढतो आणि थोडा वाढवतो.
४. ईएल८४: स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो.
५. ईझेड८०: हा सिग्नलच्या वाटेत नाही. एसीचं डीसी करून बाकी चौघांना साधारण २५० व्होल्ट पुरवतो.

प्रोग्रामरच्या भाषेत ही सरळ पाइपलाइन आहे, आणि पाइपलाइनमधला बग मधोमध तपासून शोधायचा असतो. पण त्याआधी सुरक्षितता.

हे २५० व्होल्ट डीसी आहेत, थट्टा नाही

- काही जुने सेट 'एसी/डीसी' प्रकारचे असतात. त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि लोखंडी चॅसी थेट वीजपुरवठ्याला जोडलेली असते. वाल्व्हची नावं 'यू' ने सुरू होत असतील (यूसीएच८१, यूएल८४), तर तुमचा सेट याच जातीचा समजा. पहिलाच रेडिओ असेल तर याला हात लावू नका, जाणकाराकडे द्या.
- प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपने लावून तो उतरवा, मग मीटरने खात्री करा.
- चालू सेटमध्ये मोजताना एक हात खिशात, पायात रबरी चप्पल, आणि घरात दुसरं कुणीतरी असू द्या.

प्लग न लावता करायची कामं

आधी ब्रशने धूळ काढा. वायरवरचं रबर हाताने चुरा होत असेल तर वायर बदला. उंदरांनी काय कुरतडलंय तेही बघा. मेनच्या वायरमध्ये ५०० मिलीअँपिअरचा फ्यूज टाका, बऱ्याच सेटमध्ये तो मुळात नसतोच. मागे व्होल्टेज निवडायची पट्टी असेल तर ती सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवा.

मग मल्टीमीटर घ्या. मेन ट्रान्सफॉर्मर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांची वाइंडिंग तुटलेली नाही ना, ते तपासा. मेन ट्रान्सफॉर्मर हा रेडिओतला सगळ्यात जपायचा भाग. वाल्व्ह आजही मिळतात, पण जळालेला ट्रान्सफॉर्मर तसाच मिळणं जवळपास अशक्य, रिवाइंडिंगच करावं लागतं.

आता कंडेन्सर. दोन प्रकार हमखास खराब होतात:

- इलेक्ट्रोलिटिक (फिल्टर): आतलं रसायन वाळतं. लक्षण म्हणजे तो 'घूंऽऽ' आवाज. ४५० व्होल्टचे नवीन लावा. ५० मायक्रोफॅरडच्या जागी ४७ चालतो. "जास्त म्हणजे चांगलं" म्हणून २२० लावू नका, ईझेड८० ला ५० च्या वर झेपत नाही.
- मेण लावलेले कागदी: यांच्यात ओल शिरते आणि ते गळायला लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, माळ्यावर तर त्याहून जास्त. तिथे मेण टिकत नाही. यांच्या जागी ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर लावा.

मायका आणि सिरॅमिक कंडेन्सर सहसा ठीक असतात, त्यांना उगाच हात लावू नका. गावात माल मिळाला नाही तर पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. एक नियम पाळा: एका वेळी एकच पार्ट बदला, आणि त्याआधी मोबाइलवर फोटो काढा. हेच आपलं व्हर्जन कंट्रोल!

सिरीज बोर्ड: शंभर रुपयांचा विमा

ही युक्ती मला आमच्या भागातल्या एका जुन्या रेडिओवाल्या काकांनी दाखवली. रेडिओच्या सिरीजमध्ये ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब जोडायचा. एलईडी चालत नाही, फिलामेंटवालाच हवा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब आधी उजळतो आणि मग मंद होतो. दहा मिनिटं वास, धूर काही नसेल तरच रेडिओ थेट प्लगला लावा.

दिवाळीत मी हे केलं असतं तर बल्बनेच मला थांबवलं असतं.

बिघाड शोधणे: मधून सुरुवात

जुन्या सेटच्या मागे ग्रामोफोनसाठी 'पिक-अप' सॉकेट असतं. ते बरोबर पाइपलाइनच्या मध्यावर, ईबीसी८१ पाशी जोडलेलं असतं. मोबाइलच्या इअरफोनची पिन ०.१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून तिथे द्या आणि गाणं लावा. (फक्त ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला! एसी/डीसी सेटला मोबाइल कधीही जोडू नका.) गाणं वाजलं तर पॉवर सप्लाय आणि आवाजाचा भाग ठीक, बिघाड पुढच्या बाजूला. नाही वाजलं तर मागच्या बाजूला. एका टेस्टमध्ये अर्धा रेडिओ निर्दोष सुटतो.

आमचं गाणं वाजलं, पण घोगरं. ईएल८४ च्या ग्रिडवर शून्याच्या आसपास व्होल्टेज हवं, मीटरने १२ दाखवलं! ईबीसी८१ आणि ईएल८४ यांच्या मधला एकच कागदी कंडेन्सर बदलायचा राहून गेला होता, तो गळत होता. त्यामुळे ईएल८४ प्रमाणाबाहेर करंट ओढत होता. दिवाळीतला जळका वास याचाच. आणखी पाच मिनिटं चालू ठेवला असता तर वाल्व्ह तर गेलाच असता, सोबत ट्रान्सफॉर्मरही गेला असता. नवा कंडेन्सर काही रुपयांचा.

आवाज स्वच्छ झाला, पण स्टेशन एकही नाही. म्हणजे बिघाड पुढच्या अर्ध्यात. कारण निघालं बँड स्विचवरची काजळी. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्विच वीस-पंचवीस वेळा फिरवला आणि काम झालं. इथे एक मोह टाळा: आयएफच्या चौकोनी डब्यांवरचे स्क्रू फिरवू नका. ते कारखान्यात जुळवलेले असतात, मीटर-जनरेटरशिवाय परत जुळत नाहीत.

आता ऐकायचं काय?

या सेटवर एफएम नाही, फक्त मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह. १९५२ साली सुरू झालेली बिनाका गीतमाला लोक रेडिओ सिलोनवर शॉर्ट वेव्हलाच ऐकायचे, आपली विविध भारती १९५७ मध्ये आली. आज खरखर जास्त येते, कारण एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जर. ते बंद करा, गच्चीपर्यंत लांब वायर टाका आणि अंधार पडल्यावर लावा. दिवसा मीडियम वेव्ह शोषून घेणारा वातावरणातला थर रात्री विरून जातो, म्हणून दूरची स्टेशनं लागतात.

आम्ही रात्री नऊला लावला. पंधरा-वीस सेकंद काहीच नाही. मी मीटर उचलणार, तेवढ्यात आजी म्हणाली, "थांब जरा. गरम झाल्याशिवाय तो बोलत नाही." आणि खरखरीतून हळूहळू एका बाईंचा बातम्यांचा आवाज वर आला.

तुमच्या माळ्यावर असा सेट असेल तर भंगारात देऊ नका. पण प्लगही लावू नका. आधी सिरीज बोर्ड बनवा.